मोडके बांगडे वरती

दांडी, मालवण
६ नोव्हेंबर १९५७

चि. सत्यवान,

मास्तरांनी वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, तूर्त एकच लिहा. बाकीचे त्याचं काम बघून देईन.

तुझं पत्र परशुराम मास्तरांनी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. 'हे खाजगी आहे' असं तू वर लिहिलंस, तेही त्यांनी मोठ्यानेच वाचलं. ते ऐकून शेजारची हिरा घासायची भांडी टाकून धावत आली. आता सगळ्या दांडीला ठाऊक झालंय की कृष्णाबाईचा नातू मुंबईत कंपनीचे रॉकेलचे स्टोव्ह विकतो, आणि चार महिन्यांत त्याने तीन विकले. त्यातला एक म्हणे स्वतःलाच.

साहेबाने पुढच्या जूनपर्यंत मुदत दिली आहे, तोवर विक्री दिसली तर नोकरी पक्की, नाहीतर पेटी उचलायची, असं तू लिहितोस. मला नवल वाटलं नाही. आईबापामागे तुला मी वाढवला. बाजारात माझ्याशेजारी बसायचास, पण गिऱ्हाईक आलं की पदराआड. एकदा एका बाईने बांगड्याचा भाव विचारला, तर भाव सांगायला नको म्हणून तू तिला बांगडाच देऊन टाकलास. अशा माणसाला कंपनीने विकायला ठेवला, म्हणजे कंपनीतली माणसंही साधीच दिसतात.

तर ऐक. शुक्रवारच्या बोटीने एक टोपली पाठवते. भाऊच्या धक्क्यावर जाऊन उतरवून घे. सुके बांगडे आहेत आणि सुकट. सोमवार ते शनिवार तू कंपनीचा. रविवारी लालबागच्या चाळीत बसून ही वीक. पैशांसाठी म्हणत नाही, तोंड उघडावं म्हणून म्हणते. सुकी मासळी मुक्याने विकली जात नाही.

बसून वीक, उभा राहू नको. गिऱ्हाईक वरून बघायला लागलं की त्याला आपण मोठे वाटतो, आणि मोठं वाटलेलं माणूस भरपूर बोलतं. भवानीचं, म्हणजे सकाळचं पहिलं गिऱ्हाईक, तोटा झाला तरी रिकाम्या हाताने पाठवू नको. आणि मोडके बांगडे वर ठेव, चांगले खाली.

मास्तर इथे लेखणी थांबवून म्हणतात, "बाई, उलट सांगितलंत." उलट नाही. मी सांगते तसंच लिहा.

तुझी आजी

(सांगितले तसे लिहिले आहे. — परशुराम मास्तर)

&nbsp;

लालबाग, मुंबई
२५ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप आजीस सत्यवानचा नमस्कार.

आपली टोपली सुखरूप पोचली. कळविण्यास आनंद वाटतो की, रविवारी सकाळी नऊ ते दहा या वेळात सर्व माल विकला गेला. ग्राहकांनी मालाची प्रशंसा केली. सांगितलेल्या भावाबद्दल कोणीही तक्रार केली नाही. रक्कम मनीऑर्डरने पाठवली आहे.

कंपनीत काम बरे चालले आहे. पुन्हा टोपली पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आपला नातू
सत्यवान

&nbsp;

दांडी, मालवण
४ डिसेंबर १९५७

सत्यवाना,

तुझं नाव ठेवताना भटजीला दक्षिणा दिली होती, ती आता परत मागायला हवी.

तासाभरात सगळा माल गेला? कोणी भाव पाडून मागितला नाही? मी साठ वर्षं टोपली घेऊन बसते आहे. देवाला नैवेद्य दाखवला तर तोसुद्धा एखादे वेळी उजवा कौल देत नाही. आणि तुला लालबागेत अशा बाया भेटल्या, की ज्यांनी बांगडा उलटा केला नाही, हुंगला नाही, 'सोन्याचे आसत काय' विचारलं नाही, निघून जायचं सोंग करून चार पावलांवरून परत आल्या नाहीत? अशा बाया असतील तर मुंबईत कशाला, पंचमीला वारुळापुढे बसवून त्यांची पूजा करायला हवी.

आणखी एक. टोपलीच्या तळाला खाज्याचा डबा होता. हिराने गूळ-आलं लावून तुझ्यासाठी केलं होतं. लहानपणी खाज्यासाठी जत्रेत लोळण घेणारा तू, पत्रात खाज्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे टोपली तळापर्यंत रिकामी झालेली नाही. वरचं झाकणच निघालेलं नसेल.

मनीऑर्डर मी घेतली नाही. गुणाजी पोस्टमनला म्हटलं, "ह्ये नातवाच्या पगाराचे पैसे आसत, माझ्या बांगड्यांचे न्हय. परत धाड." तो म्हणाला, "गो आजये, नोटेवर काय लिवलेला आसता?" म्हटलं, "तुका दिसणा नाय, माका दिसता."

लाज वाटली ना तुला? वाटू दे. लाज वाटली म्हणून मला राग नाही. पण खोटं सांगायचं तर धंद्यातल्या माणसाला विचारून तरी सांगावं.

आजी

&nbsp;

लालबाग
३० डिसेंबर १९५७

आजी,

टोपली माझ्या खाटेखाली होती. रेनकोट टाकून झाकली होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ती बाहेर ओढली. खाज्याला बांगड्यांचा वास लागला होता. तरी सगळं खाल्लं. हिरामावशीला सांग.

मग रविवारी चाळीच्या बोळात गोणपाट अंथरून बसलो. दोन तास कोणी ढुंकून बघितलं नाही, कारण मी खाली मान घालून बसलो होतो. शेवटी एक दणकट बाई समोर येऊन उभी राहिली. रुक्मिणीबाई म्हणून आहेत, वालावलच्या, नवरा गिरणीत.

"खंयचो रे तू?"

"मालवणचो."

"मालवणचो, आनि मान खाली घालून बसतस? कोणी मेला की काय?" मग टोपलीत डोकावून, "आनि ह्ये मोडके वर कित्याक ठेवलंस?"

"आजयेन सांगल्यान."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तू हिशेब चुकलेल्या खलाशाकडे बघतेस. मग दोन्ही हातांनी टोपली तळापासून उलथी केली. एकेक बांगडा उजेडात धरला. खाली सगळे साबूत निघाले तेव्हा कमरेवर हात ठेवून वरच्या मजल्याकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अगो मथुरा, खाली ये! हो झील येडो आसा, पण बांगडे बरे आसत."

आजी, मग जे झालं ते पत्रात मावणार नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला तोट्यात दिलं, तर बाकीच्या आठ जणींनी तोच भाव धरला. एकीने सुकट घेतलं आणि बांगडा 'वर' मागितला. मी नाही म्हटलं. मी! मोठ्याने! दुपारपर्यंत घसा बसला.

सोमवारी कंपनीत घोगऱ्या आवाजातच गेलो. त्या आठवड्यात दोन स्टोव्ह विकले. का विकले गेले ते मला समजलेलं नाही.

दुसरी टोपली पाठव.

सत्यवान

&nbsp;

दांडी, मालवण
१९ जानेवारी १९५८

चि. सत्यवान,

आता दोन आशीर्वाद.

टोपली आजच्या बोटीवर चढवली आहे. यंदा सुकट बारीक पण गोड आहे, असं सांग. बारीक आधी सांग, गोड मागाहून.

पहिल्या गिऱ्हाइकाला तोट्यात देतो तेव्हा ते पदराखाली बांधून द्यायचं असतं, आठ जणींसमोर मिरवून नव्हे. हे मी सांगितलं नव्हतं. सगळंच सांगितलं तर तू शिकणार काय?

आता घसा बसेपर्यंत बोलू नकोस. बोलायला लागलास हे झालं. आता गप्प बस आणि ऐक. बाई टोपलीवर वाकली की फक्त माशाबद्दल बोलत नाही. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, चुलीबद्दल बोलते. कोणाच्या घरी पाहुणे आहेत, कोणाचं पोर आजारी आहे, हे मला टोपलीवरच कळतं, आणि उद्या काय आणायचं तेही तिथेच कळतं. तुझ्या कंपनीचा साहेब कुठे बसून ऐकतो? खुर्चीवर? मग त्याला काय ऐकू येणार?

आजी

(रुक्मिणीबाईंबद्दल बाईंनी आणखी एक वाक्य सांगितले होते. कौतुकाचेच होते, पण लिहिण्याजोगे नव्हते. — प.)

&nbsp;

लालबाग
१७ मार्च १९५८

आजी,

एक मोठी गोष्ट झाली आहे आणि तिच्यामुळे मी अडचणीत आलो आहे.

गेल्या महिन्यात रुक्मिणीबाई बांगडे निवडताना म्हणाल्या, "मागे एक टायवालो इल्लो. तेचो स्टोव्ह बघितलंय. त्येच्यावर चाय होता, भाकरी नाय होवची. तवो ठेवून भाकरीची कड दाबली की मेलो स्टोव्ह उठाबशे काढता."

टायवाला मीच होतो. ऑक्टोबरात त्यांच्याच खोलीत मी छापील कागद वाचून चहा करून दाखवला होता. तेव्हा त्या गोड हसून "बघूया हां" म्हणाल्या होत्या. टायशिवाय, गोणपाटावर बसलेल्या मला त्यांनी ओळखलंच नाही. टायवाल्याला मान दिला, सुकटवाल्याला खरं सांगितलं.

मग मी तू सांगितलंस तसं केलं. पाच रविवार गप्प बसून ऐकलं. तीसेक घरांतून तेच ऐकलं. स्टोव्हची वरची बैठक अरुंद आहे, चहाच्या भांड्याला पुरते, भाकरीच्या तव्याला पुरत नाही. कारखान्यात ज्यांनी ती आखली त्यांनी जन्मात भाकरी भाजलेली नाही.

मी कंपनीत आमच्या भरूचा साहेबांच्या टेबलावर स्टोव्ह पेटवला आणि तवा ठेवून भाकरी टाकली. भाकरीचा आकार काय झाला ते विचारू नको. फडक्याने कड दाबली. स्टोव्ह कलंडला, तवा साहेबांच्या कागदांवर. साहेब ओरडतील म्हणून डोळे मिटले. ते म्हणाले, "परत कर." मी परत केली. परत कलंडला.

साहेब खूश झाले. पण मग विचारलं, "चार महिन्यांत तीन स्टोव्ह विकणाऱ्याला हे कुठून कळलं?" मी म्हटलं, चौकशी केली. खरं सांगायचा धीर झाला नाही. नेमणुकीच्या कागदामागे छापलेलं आहे, नोकराने दुसरा कोणताही धंदा करू नये, केल्यास काढून टाकण्यात येईल.

आणि काल रविवारी एका बाईशी बांगड्यांची घासाघीस करताना वर बघितलं, तर तिची पिशवी धरून आमचे हेडक्लार्क उभे. त्यांनी पिशवी धरूनच सगळं बघितलं. आज सकाळी मला नियम वाचून दाखवला. म्हणाले, मासळी बंद कर, नाहीतर साहेबांना सांगावं लागेल.

बंद केली तर नोकरी पक्की होईल असं दिसतं. काय करू? तुला टोपलीची गरज नाही, तू माझ्यासाठीच पाठवतेस, म्हणून विचारतो.

सत्यवान

&nbsp;

दांडी, मालवण
२ एप्रिल १९५८

चि. सत्यवान,

यात विचारायचं काय? बंद कर. तुझं तोंड उघडावं म्हणून टोपली होती, ते उघडलं. काम झालं.

माझी काळजी करू नको. मी दर आठवड्याला सुकी मासळी घेऊन एसटीने कुडाळच्या बाजाराला जाते. परवाही गेले होते. बसायला छान जागा मिळाली. माणसं चांगली. शेजारच्या मासळीवाल्या बायाही चांगल्या. कंडक्टरने टोपली वर चढवायला हात लावला. सगळं विकून दिवे लागायच्या आत घरी आले. काही त्रास झाला नाही.

पावसाळ्याचा माल मी यंदा कुडाळलाच देईन. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने काही पाठवत नाही.

मन लावून नोकरी कर.

आजी

&nbsp;

(पोस्टकार्ड)

लालबाग
११ एप्रिल १९५८

परशुराम मास्तरांस नमस्कार.

हे कार्ड घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवत आहे, ते का हे तुम्हाला समजेल.

आजीचं शेवटचं पत्र तिनेच सांगितलं होतं का? त्यात ती कुडाळच्या बाजारात जाऊन आली, आणि एकाही माणसाला तिने नाव ठेवलं नाही. कंडक्टरला नाही, शेजारणीलासुद्धा नाही. मास्तर, माझी आजी अशा बाजाराला गेलेली नाही. खरं काय आहे?

सत्यवान

&nbsp;

मालवण
१७ एप्रिल १९५८

चि. सत्यवान यास परशुराम मास्तरांचे आशीर्वाद.

पत्र त्यांनीच सांगितले. लिहिताना मलाही चुकल्यासारखे वाटले, परंतु मी लेखक नव्हे, लेखणी आहे, असे त्यांनीच मला पूर्वी बजावले आहे.

गेल्या भाद्रपदात बंदराच्या पायरीवर बाई घसरल्या. उजवा गुडघा गेला. तेव्हापासून त्या बाजारात बसलेल्या नाहीत. कुडाळ दूरच, ओटी उतरायलाही भिंत धरावी लागते. पहिली टोपली तुम्हाला आली ती त्यानंतर. तुमच्या तोंडासाठी ती होतीच, परंतु त्यांच्या पोटासाठीही होती. हिराबाईंनी दोन दिवस जेवण आणून दिले, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट परत पाठवले. मी काही देऊ केले असता, "मास्तरानू, माझे हात अजून आसत," एवढेच म्हणाल्या.

तुम्ही टोपली बंद केलीत तर त्या काय करतील हे मला ठाऊक नाही. तुमच्या पगारातली मनीऑर्डर त्या घेणार नाहीत, हे आपणा दोघांस ठाऊक आहे.

हे मी कळवले असे त्यांना कळू नये.

परशुराम

&nbsp;

लालबाग
११ मे १९५८

आजी,

मास्तर, हे सगळं मोठ्याने वाचा. तुमची अब्रू जाणार आहे, त्याबद्दल माफी मागतो.

आजी, खोटं सांगायचं तर धंद्यातल्या माणसाला विचारून तरी सांगावं. कुडाळच्या बाजारात माणसं चांगली? शेजारच्या मासळीवाल्या चांगल्या? तू एकदा पुराणाला बसलीस तर शेजारणीने पाय पसरले म्हणून महिनाभर बोलत होतीस. गुडघ्याचं मला कळलं आहे. गेल्या भाद्रपदापासूनचं.

आता माझं ऐक.

हेडक्लार्कांनी सांगण्याआधी मीच भरूचा साहेबांकडे गेलो. तू शिकवलंस तसं, मोडके ते वर ठेवले. कागदावर लिहून दिलं, की मी दर रविवारी सुकी मासळी विकतो, हेडक्लार्कांच्या घरीही तीच गेली, नियम मोडला आहे. स्टोव्हबद्दल मला जे कळलं ते टोपलीवर बसूनच कळलं, कंपनीचा टाय लावून मला कोणी खरं सांगितलं नव्हतं.

साहेबांनी दोनदा वाचलं. त्यांची मराठी तुला ऐकवायला हवी. म्हणाले, "तू मासळी बंद करनार के नाय?"

मी म्हटलं, "नाही साहेब. ती माझ्या आजीची आहे. तिचं त्यावर चालतं, आणि ती फुकटचं घेत नाही." आवाज घोगरा नव्हता.

हेडक्लार्क तिथेच होते. "साहेब, नियम म्हणजे नियम."

साहेब त्यांच्याकडे वळले. "तुमच्या घरी रविवारी काय शिजला होता?"

हेडक्लार्क पंख्याकडे बघायला लागले.

साहेब मला म्हणाले, "अरे बावा, नियम कशाला केला? मानूस आमचा टाइम चोरते, आमचा गिऱ्हाईक चोरते, म्हनून केला. तू रविवारी बसते, आनि आमाला गिऱ्हाईक आनून देते. धंदा कोनाचा? आजीचा. आजी आमची नोकर हाय?"

"नाही."

"मंग?"

रुंद बैठकीचे स्टोव्ह कारखान्यातून आले आहेत. लालबाग-परळ माझ्याकडे दिलं आहे. पहिला रुक्मिणीबाईंनी घेतला, पाऊण तास घासाघीस करून, टायवाला आणि सुकटवाला एकच निघाला म्हणून दोघांना मिळून शिव्या देऊन.

पण मोठ्या ऑफिसला कागद लागतो. धंदा आजीचा आहे, नातवाचा नाही, असं तू सांगायचं आणि खाली अंगठा द्यायचा. तो कागद पोचला की एक जुलैपासून मी पक्का. नाही पोचला तर नियम लागू.

अंगठ्याला तू किती भितेस ते मला माहीत आहे. तुझ्या बापाने एका कागदावर अंगठा दिला आणि होडी गेली, हे मी शंभरदा ऐकलं आहे. म्हणून जबरदस्ती करत नाही. मास्तरांकडून कागद चारदा वाचून घे.

आणि पावसाळ्याचा माल शेवटच्या बोटीवर चढव. अंगठा दे किंवा नको देऊ, टोपली पाठवच.

सत्यवान

&nbsp;

दांडी, मालवण
२४ मे १९५८

सत्यवाना,

मास्तरांशी मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी पत्र लिहायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून माफ केलं.

गुडघा माझा आहे, त्याबद्दल खोटं बोलायचा हक्कही माझाच. पण पकडलंस ते बरं पकडलंस. मला आठवतं, मी तुला कधी हे शिकवलं नव्हतं. आशीर्वाद किती झाले ते मोजायचं आता सोडून दे.

दांडीतल्या बाया मासळी वाळवून माझ्या ओटीवर आणतात. मी बसल्या जागी निवडते, मीठ बघते, मोडके वेगळे काढते. बाजार मला चालत येतो. त्या बायांना मी किती बोलते ते विचारू नको, म्हणजे मी बरी आहे हे समज.

चार टोपल्या शेवटच्या बोटीवर चढवल्या. धक्क्यावर रेनकोट घेऊन जा. मासळीवर घाल, स्वतःवर नको.

कागद मास्तरांनी चारदा वाचला. त्यांनी लिहिलेला मला आवडला नाही. माझा मी सांगितला तो सोबत आहे.

आजी

&nbsp;

(सोबतचा कागद)

भरूचा साहेबांस, दांडी, मालवण येथील कृष्णाबाईकडून कळवणे ते असे:

सुक्या मासळीचा धंदा माझा आहे. माझ्या आधी माझ्या आईचा होता. सत्यवान हा माझा नातू रविवारी माझी टोपली घेऊन बसतो. मी त्याला पगार देत नाही, कारण त्याची विक्री अजून तेवढी नाही. तुमच्याकडे तो जुलैपासून पक्का होणार असे ऐकते. आनंद आहे. माझ्याकडे तो अजून उमेदवारीतच आहे. पाऊस संपल्यावर बघू.

तुम्ही भाकरी दोनदा करायला लावलीत, असे कळले. दुसऱ्यांदा बघणारा साहेब बरा असतो.

हा कागद वाचून घेऊन, समजून, जबरदस्तीशिवाय अंगठा दिला आहे.

(निशाणी डाव्या अंगठ्याची)

समक्ष: परशुराम मास्तर. अंगठा याच बाईंचा आहे. तीनदा शाई लावून उठवला, परंतु रेषा उमटत नाहीत. साठ वर्षे मिठात आणि खवल्यांत हात राहिल्याने त्या झिजल्या आहेत. काळा डाग तेवढा दिसतो. मोठ्या ऑफिसने संशय घेऊ नये, ही विनंती.

हे बाईंना वाचून दाखवले असता त्यांनी आणखी लिहावयास सांगितले, ते लिहितो: "रेषा दिसत नसतील तर कागद नाकाक लावा म्हणावां. वळाखतील."